बिबट्यानं लावलेला व्यायाम

आमच्या व्यायामाच्या ग्रुपचे किस्से सांगायला बसलं की चहा गार होतो, किस्से संपत नाहीत! दोष सगळा बिबट्याचा. जुन्नरबाहेरच्या उसात तो दिसला आणि आमच्या गल्लीचा मॉर्निंग वॉक बंद पडला. मग पीटीच्या निवृत्त बाई, सुनंदाताई, यांनी फर्मान काढलं, "उद्यापासून घरातच, व्हिडिओ कॉलवर! एका सतरंजीएवढी जागा बास झाली."

"आमी तर सतरंजीबी घडी घालूनच टाकतो," टेलर रफीकभाई म्हणाले.

*

पहिल्याच दिवशी मी दोन्ही हात फैलावले. एक फ्रिजला लागला, दुसरा सासूबाईंना. फ्रिज गप्प राहिला! तेव्हापासून मी तिरकी उभी राहते.

*

डंबेल कुणाकडंच नव्हतं. "घरात असेल ते उचला," ताई म्हणाल्या. टोमॅटोच्या व्यापारातले सोपानभाऊ, त्यांनी भरलेलं क्रेटच उचललं! आम्ही टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात मागून वहिनींचा आवाज, "आत्ता बरं उचलतंय! काल गाडीत ठेवा म्हणलं तवा कंबर धरली व्हती!"

आता भाऊ पाण्याच्या बाटल्याच उचलतात.

*

"खुर्चीवर बसल्यासारखं करा, पण बसू नका," ताईंनी शिकवलं.

"म्हंजे यष्टीत सीटवर रुमाल दुसऱ्याचा असतो, तसं!" सोपानभाऊ म्हणाले. ताईंना हसू आवरेना, त्या दिवशीचा व्यायाम तिथंच संपला.

*

रफीकभाईंचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. दोन्ही गुडघे आखडलेले. नमाजसुद्धा खुर्चीवर बसून. एकदा कॉलवर बोलून गेले, "ताई, समदे सजद्यात वाकत्यात, मी मागं खुर्चीत. परत एकदा जिमिनीला डोकं टेकवायचंय. बाकी काय नको."

ताई चष्मा पुसत म्हणाल्या, "टेकेल! डॉक्टरांना विचारून करा, दुखलं की थांबा, पण रोज करा."

दुकानात शिलाई मशीन आणि कपाट यांच्यामध्ये जेमतेम एक माणूस मावतो. तिथं मशीनचं टेबल धरून भाई अर्धे खाली बसायचे, उठायचे. मधेच गिऱ्हाईक बाई आली तर तसंच वाकून सांगायचे, "ब्लाउज शुक्रवारी देतो!" तिला वाटायचं, भाई उशिराची माफी मागतायत.

*

मग बिबट्या पिंजऱ्यात सापडला. आता परत रस्त्यावर चालायला जायचं का, असं ताईंनी विचारलं.

"आणखी एखादा असंलच की!" सोपानभाऊ घाईघाईनं म्हणाले. कुणीही वाद घातला नाही. कॉल चालूच राहिला.

*

आणि परवा! व्यायाम रंगात आलेला, आणि रफीकभाई स्क्रीनवरून गायब! नुसतं मशीन, आणि मागं टांगलेले ब्लाउज.

"भाई पडले का काय!" सोपानभाऊ ओरडले. ताईंचा चेहरा उतरला. भाईंचं दुकान माझ्यापासून चार घरं सोडून. मी एक चप्पल पायात घातली, दुसरी सापडेना. फोनमध्येच ओरडले, "भाई, आवाज द्या! उठता येतंय का? मी आले!"

फोन हातात धरून एकाच चपलेवर दार गाठलं. मग मशीनच्या खालून आवाज आला.

"उठता येतंय हो. पण घाई नका लावू... आत्ता कुठं टेकलंय!"