वडनेरला पाठवलेला फासा

ही गोष्ट सांगायची मी चाळीस वर्षं टाळत आलो. बायकोला ती माहीत होती, पण तिनं कधी विषय काढला नाही. ती गेली तेव्हा माझ्याशिवाय जाणणारं कोणी उरलं नाही, आणि त्या दुःखातही मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. त्याचीही लाज आहे. तीही इथंच लिहून ठेवतो.

या उन्हाळ्यात नात पुण्याहून देवळीला आली होती. रविवारी दुपारी कॉम्प्युटरसमोर बसून ती चार गावांतल्या चार मित्रांशी एक खेळ खेळत होती. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि लढाई लागली की फासा टाकतात. मी खुर्ची ओढून मागं बसलो. तिच्या तलवारवालीनं कुणा राक्षसावर वार केला, पडद्यावर एक फासा गडगडत गेला आणि आकडा पाचही जणांना एकदम दिसला.

‘‘फासा कुणाच्या हातात असतो?’’ मी विचारलं.

‘‘कुणाच्याच नाही, आजोबा. कॉम्प्युटरच टाकतो. सगळ्यांसमोर पडतो ना, म्हणजे कुणाला खोटं बोलता येत नाही.’’

ती सहज बोलली आणि पुन्हा खेळात गुंतली. मी उठून बाहेर आलो. फाटकाशी पोचल्यावर कळलं, उजवी चप्पल डाव्या पायात होती.

तसाच खेळ आम्ही सत्तरच्या दशकात खेळायचो. दोघंच. पोस्टकार्डांवर.

माझा मित्र वडनेरचा. वर्ध्याला कॉलेजात असताना आम्ही एका खोलीत राहायचो. त्याचा हात नकाशाचा होता. वहीच्या मागच्या पानांवर तो किल्ले काढायचा. तट, बुरूज, पाण्याचं टाकं, घोड्यांची पागा, सगळं मापात. एकदा पावसानं दोन दिवस खोलीत कोंडलं तेव्हा मी सापशिडीच्या डब्यातले दोन फासे काढले आणि म्हणालो, आता माझ्या मनातल्या किल्ल्यात शिरून दाखव. त्यातून खेळ तयार झाला. किल्ल्याच्या आत काय आहे ते फक्त मला ठाऊक. त्याच्याकडे एक माणूस, भालदार. भालदार काय करणार ते तो ठरवायचा. लढाई लागली की लाल फासा भालदाराचा, पांढरा माझ्या पहारेकऱ्याचा. ज्याचा आकडा मोठा त्याचा वार लागला, आणि दुसऱ्याचा एक श्वास गेला. श्वास संपले की माणूस संपला. पडलेला फासा पुन्हा टाकायचा नाही, हा नियम माझा.

कॉलेज संपलं. तो वडनेरला शेतीवर गेला, मी देवळीच्या शाळेत भूगोल शिकवायला लागलो. खेळ मात्र सुटला नाही. त्याचं कार्ड यायचं, बारीक अक्षरात आणि कोपऱ्यात चिमुकला नकाशा काढून : ‘भालदार दाराकडं जाणाऱ्या डावीकडच्या जिन्यानं चढतो. कुत्रं आडवं आलं तर मारत नाही, भाकर टाकतो.’ मी ताटात फासे टाकायचो, काय घडलं ते लिहायचो आणि कार्ड पेटीत टाकायचो. उत्तर यायला आठवडा जायचा. एक जिना चढायला कधी कधी महिना लागे.

फासे दोन्ही माझ्याकडे असत. म्हणून सुरुवातीला एक रीत ठेवली होती. आकडे लिहिले की खाली माझी बायको साक्षीदार म्हणून सही करायची. पाच-सहा कार्डांनंतर त्यानंच लिहिलं, ‘वहिनीले कायले तरास देतं? तू सांगशीन तेच पडलं.’

तेव्हापासून सही बंद झाली.

वडनेरचा पोस्टमन या खेळाचा तिसरा गडी होता. पोस्टकार्ड उघडं असतं. तो ते वाटेत वाचायचा आणि हातात देण्याआधी निकाल तोंडी सांगायचा, ‘‘एक श्वास गेला गा तुह्या भालदाराचा. जरा जपून चढत जा.’’ चहाच्या टपरीवर माणसं विचारायची, पोचला का वर. एका भालदाराकडं अर्धं गाव डोळे लावून होतं.

मग ऐंशीच्या आसपास आम्ही दोघांनी जबलपूरच्या एका कचेरीत नकाशे काढणाऱ्याच्या जागेसाठी अर्ज केला. परीक्षाही सोबतच दिली. मी घरी कुणाला फारसं बोललो नव्हतो, पण त्या शाळेतून, त्या फळ्यापासून मला सुटायचं होतं. मला नकाराचं पत्र आलं. चार दिवसांनी त्याचं कार्ड आलं.

ते कार्ड मला पाठ आहे. ‘बोलावणं आलं. पंधरा दिवसांत हजर व्हायचं आहे. भाऊ म्हणतो जा, वावर मी पाहतो. माय म्हणते जा. घरची काही बोलत नाही. माझं मन एका जागी ठरत नाही, म्हणून असं ठरवलं. भालदाराचा एकच श्वास उरला, तुझ्या दारावरच्या पहारेकऱ्याचाही एकच. भालदार दारावर चालून जातो. आत गेला तर मी जबलपूरला जातो. पडला तर इथंच राहतो. तू मनात काही आणू नको. फक्त फासा टाक.’

तीन दिवस मी फासे सदऱ्याच्या खिशात घेऊन शाळेत गेलो. नद्या शिकवताना हात खिशात जायचा. जेवताना, गावात चालताना, बसस्टँडवर कुणाशी बोलताना बोटं त्या दोन ठोकळ्यांशी चाळा करायची. टाकायचं म्हटलं की काही ना काही काम आठवायचं.

चौथ्या दिवशी शाळेतून आल्यावर स्वयंपाकघरात ताट घेऊन बसलो. बायको समोर सुपात तूर निवडत होती. मी फासे टाकले. लाल आधी थांबला, पाच. पांढरा ताटाच्या कडेला लागून फिरत राहिला आणि दोनवर बसला.

‘‘गेला म्हणा भालदार आत,’’ ती म्हणाली. खेळ तिलाही कळत होता.

मी कार्ड घेतलं आणि लिहिलं, ‘लाल दोन, पांढरा पाच. भालदार दारातच पडला.’

पत्ता लिहिताना ती वाकून पाहत होती.

‘‘उलटं लिहिलं जी तुम्ही.’’

‘‘लिहिलं ते लिहिलं.’’

सुपातले खडे ती बराच वेळ जोरानं अंगणात फेकत राहिली.

आकडे मी खोटे लिहिले नव्हते, फक्त रंगांची अदलाबदल केली होती. त्या संध्याकाळी मला हा फरक फार मोठा वाटत होता. पुढं पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की मित्र दूर जाऊ नये म्हणून मी तसं केलं. तेही खोटं नाही. पण पूर्ण खरं हे, की ज्या जागेसाठी मला नाही म्हटलं त्या जागेवर तो बसलेला मला पाहवणार नव्हता.

कार्ड त्याच दिवशी टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत न जाता मी पेटीपाशी जाऊन उभा राहिलो. देवळीचे पोस्टमन आले, वयानं मोठे, माझ्या वडिलांच्या ओळखीतले. त्यांनी कुलूप उघडलं.

‘‘काका, एक कार्ड परत पाहिजे.’’

‘‘कोणतं?’’

‘‘वडनेरचं. लिहिताना चूक झाली.’’

‘‘पोरायले शिकवता मास्तर, अन् हे मागता? पेटीत पडलं ते सरकारचं.’’ त्यांनी सगळी पत्रं पिशवीत ओतली. ‘‘चूक झाली तं दुसरं लिहा. पाठोपाठ जाईन. त्याच्यात काय?’’

त्याच्यात काय, हे मी अजून शोधतो आहे. दुसरं कार्ड मी लिहिलं नाही. त्याऐवजी ठरवलं की रविवारी वडनेरला जाऊन तोंडानं सांगायचं.

देवळीहून वर्धा, वर्ध्याहून हिंगणघाट. हिंगणघाटला वडनेरच्या गाडीत बसलो, उतरलो, पाणी प्यालो, पुन्हा बसलो. कंडक्टर म्हणाला, ‘‘मास्तर, जाचं हाये का नाई?’’ खिडकीतून कपाशीची वावरं मागं जात होती आणि मी ओठांतल्या ओठांत वाक्य जुळवत होतो. लाल पाच होता. लाल पाच पडला होता, मी उलटं लिहिलं. कुठल्याही बाजूनं सुरुवात केली तरी ‘मी’ येत होता.

वडनेरला उतरलो तर टपरीवर पोस्टमन बसलेला. मला तो ओळखायचा.

‘‘या खुनी साहेब,’’ तो म्हणाला. ‘‘चार वर्षं जपला होता त्यानं. दारात मारला तुम्ही.’’

टपरीवरची माणसं हसली. मीही हसलो.

मित्र अंगणात फवारणीचा पंप उघडून बसला होता. हात तेलानं माखलेले. मला पाहून त्यानं कोपरानंच बाज दाखवली.

‘‘बस गा. काऊन, सुतकाले आला का भालदाराच्या?’’

‘‘जबलपूरचं काय केलं?’’

‘‘नाई म्हणून कळवलं. काल टाकलं कार्ड.’’

‘‘इतक्या लवकर?’’

‘‘तुह्या फाशावर सोडलं होतं ना. मंग थांबू कायले?’’

‘‘मुदत तं असन अजून.’’

‘‘हाये ना. सहा दिवस.’’ तो पंपाच्या नळीत फुंकर मारून पाहत होता. ‘‘पण एक सांगू का तुले? फासा पडेपर्यंत मले काई समजत नोयतं. जावं का राहावं. पोस्टमन म्हणे, पडला तुहा माणूस. अन् तवा समजलं, की मले जायाचं होतं.’’

‘‘मंग फासा पुन्हा टाकू,’’ मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला.

तो हसला. ‘‘पडलेला फासा पुन्हा टाकाचा नाई. नियम तुहाच हाये.’’

सहा दिवस होते. दुसरं कार्ड जबलपूरला गेलं असतं, तार करता आली असती. मी तोंड उघडलं, हे मला नक्की आठवतं. तेवढ्यात त्याची बायको ताटं घेऊन आली. वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर, कांदा. तिनं माझ्या ताटात न विचारता आणखी एक भाकर टाकली.

‘‘घ्या भाऊजी. तुमच्या फाशानं माणूस घरी राह्यला माहा,’’ ती हळूच म्हणाली. ‘‘आमाले बोलता येत नोयतं. तुमी केलं.’’

मी ती भाकर खाल्ली. पूर्ण खाल्ली. आणि संध्याकाळच्या गाडीनं परत निघालो.

वर्ध्याच्या स्टँडवर देवळीची गाडी यायला वेळ होता. मी बाकावर बसून एक पोस्टकार्ड लिहिलं, पत्त्यासकट. पेटी समोरच होती. मग मनात आलं, वडनेरचा पोस्टमन हे वाचेल, टपरीवर सांगेल, हातात देण्याआधी तोंडानं सांगेल. बंद पाकिटही मिळत होतं, हे मला माहीत होतं. कार्ड मी वहीत ठेवलं आणि वही पिशवीत.

त्यानंतर तो खेळला नाही. रागानं नव्हे. म्हणायचा, दुसरा भालदार काढावासा वाटत नाही. आम्ही भेटत राहिलो, लग्नांत, हिंगणघाटच्या बाजारात. वडनेरात कुणाचा बांध सरकला की त्यालाच बोलावत, आणि तो वहीच्या पानावर वावराचा असा नेमका नकाशा काढून द्यायचा की भांडणारे दोघं गप्प व्हायचे. त्याचं काही वाईट झालं असं मी म्हणत नाही. पोरं शिकली, घर नीट चाललं. म्हणूनच सांगणं आणखी अवघड होत गेलं. आता सांगून काय, असं म्हणायला मला दर वर्षी एक नवं कारण मिळत होतं.

एकदाच त्यानं विषय काढला. त्याच्या मुलीच्या लग्नात, पंगतीत, माझ्या शेजारी बसून.

‘‘दाराच्या आत काय होतं गा किल्ल्यात?’’

‘‘सांगीन कधी,’’ मी म्हणालो.

‘‘सांगजो,’’ तो म्हणाला आणि वाढप्याला माझ्या पानाकडं बोट दाखवलं.

मागच्या हिवाळ्यात तो गेला. दहाव्याला मी वडनेरला गेलो. ते जुनं कार्ड वहीतून काढून खिशात घेतलं होतं, का ते माहीत नाही. माणसं पांगल्यावर त्याच्या बायकोनं सुतळीनं बांधलेला एक गठ्ठा आणून माझ्यापुढं ठेवला. माझी सगळी कार्डं, लागोपाठ लावलेली. सर्वांत खाली घडी केलेला एक मोठा कागद होता.

‘‘हे काहाडत बसत,’’ ती म्हणाली. ‘‘कामं नसली की. मी इचारलं तं म्हणत, मास्तरनं सांगतलं नाई, मंग मीच पाहून राह्यलो.’’

तो किल्ल्याच्या आतला नकाशा होता. दारापासून सुरू होत होता. अंगण, विहीर, कोठारं, वर जाणारा जिना, जिन्यावर कुत्रं. काही रेषा जुन्या शाईच्या, काही अलीकडच्या पेन्सिलीच्या, थरथरत्या. मी त्या किल्ल्याच्या आत एवढं काही कधीच ठरवलं नव्हतं.

तिनं विचारलं, ‘‘बरोबर हाये का भाऊजी? असंच होतं का आत?’’

‘‘असंच होतं,’’ मी म्हणालो. हात खिशातल्या कार्डावर होता. तिच्याही हातात ते देता आलं असतं. दिलं नाही.

ते आता समोर टेबलावर आहे. शाई तपकिरी झाली आहे, पत्ता अजून वाचता येतो. मजकूर असा :

‘गड्या, लाल पाच होता आणि पांढरा दोन. भालदार आत गेला. मी रंग बदलून लिहिले, कारण तुला मिळालं आणि मला मिळालं नाही. मुदत अजून आहे, तू जा. तोंडानं सांगायला आलो होतो, जेवून परत आलो. मला माफ कर.’