कुणी न विचारता

मला रॅप कळत नाही. चाळीस मिनिटं पेशीविभाजनावर श्वास न घेता बोलणाऱ्या बाईनं दुसऱ्याच्या भरभर बोलण्याला नाक मुरडू नये, असं माझी मुलगी उर्वी म्हणते. तरी कळत नाही. पण दयानंदची हकीकत मला सांगायलाच हवी. त्याच्या वतीनं ती ईमेल मी लिहिली, आणि त्याच्या आईला जे म्हणू नये ते मीच म्हणाले.

दयानंद लातूरच्या आमच्या क्लासमध्ये व्हिडिओचं काम बघतो. मी जीवशास्त्र शिकवते, तो समोर कॅमेरा लावून बसतो आणि नंतर माझ्या बोलण्यातले खोकले, ‘अं’, ‘म्हणजे’ काढून टाकतो. एकदा मला म्हणाला, ‘मॅडम, परीक्षेत येणारं काही सांगायच्या आधी तुम्ही दोनदा श्वास घेता.’ वीस वर्षं शिकवत होते, मला पत्ता नव्हता. असला कान.

या कानाचं तो काय करतो ते पुढं कळलं. रिकाम्या वेळात तो बीट बनवायचा. रॅपवाला बोलतो, त्याच्या खाली जो ताल आणि जे संगीत वाजत असतं, ते बीट. त्याचं सगळ्यात लाडकं बीट डाळमिलच्या चाळणीच्या आवाजावर होतं. त्याची आई साखराबाई त्या मिलमध्ये डाळ निवडायला जात असे आणि तो लहानपणी पोत्यांवर बसून तो खडखडाट ऐकत असे. मोठेपणी तो मोबाईल घेऊन तिथं गेला आणि आवाज घेऊन आला.

बीट करणारे सुरुवातीला आपली खूण ठेवतात, बांधावर दगड पुरावा तशी. कुणी स्वतःचं नाव घालतो, कुणी शिट्टी. दयानंदनं आईचा आवाज घातला होता. त्र्याण्णव साली उन्हाळ्यात उदगीरला त्याच्या मामाचं, शिवमूर्तीचं लग्न झालं, तेव्हा कुणीतरी टेपरेकॉर्डर लावून ठेवला होता. त्यात नव्या नवरीला नाव घ्यायचा आग्रह चाललेला असतो, ती लाजून गप्प, आणि मधेच चोवीस-पंचवीस वर्षांची साखराबाई खणखणीत आवाजात म्हणते:

‘उदगीरच्या मोंढ्यात तुरीला आला भाव, कुणी न विचारता घेते अण्णारावांचं नाव.’

मग बायकांचं हसणं. हिला कुणी विचारलंच नव्हतं ना.

अण्णाराव म्हणजे दयानंदचे वडील. त्याच वर्षी गणपती बुडाले त्या रात्री, पहाटे भूकंप झाला. औसा तालुक्यातलं त्यांचं घर दगडामातीचं होतं. साखराबाई भावजयीच्या पोट दुखण्याचं निमित्त करून पाच वर्षांच्या दयाला घेऊन माहेरी गेली होती, म्हणून हे दोघं राहिले. अण्णाराव गेले, नणंद चतुराबाई गेली. फोटोसुद्धा उरला नाही. टेप मामाच्या घरी होती, ती उरली.

गंधार आमच्या क्लासचा विद्यार्थी. नांदेडचा, आईवडील दोघंही प्राध्यापक, आणि पोरानं डॉक्टर व्हावं म्हणून दुसऱ्यांदा परीक्षेला बसवलेला. वर्गात मागच्या बाकावर तो वहीत ओळी जुळवत बसे. दयानंदला त्याच्या ओळी आवडल्या. त्यानं ते बीट पेनड्राइव्हवर घालून दिलं, ‘तुझ्या शब्दांना बसतंय का बघ,’ म्हणाला. कागद नाही, निरोप नाही. आपल्याकडं माणूस माणसाला वस्तू देतो तेव्हा कागद कोण करतं?

दीड वर्षानं गंधार पुण्यात होता आणि ते गाणं माझ्या वर्गातल्या निम्म्या मोबाईलवर. शब्द, संगीत, निर्मिती, तिन्ही ठिकाणी एकच नाव, गंधार. दयानंदनं आणि मी एकाच इअरफोनची एकेक बाजू कानात घालून ते ऐकलं. चाळणी तीच, वेग वाढवलेला. साखराबाईचा आवाज आला: ‘कुणी न विचारता घेते...’ आणि तिथं कापून, दहा पोरांनी मिळून आरोळी ठोकलेली: ‘गंधारचं नाव!’

पुढं गाणं चालू राहिलं. दयानंदनं कानातला इअरफोन काढून टेबलावर ठेवला. बाई ज्या जागी नवऱ्याचं नाव घेते, त्या जागी या पोरानं स्वतःचं नाव बसवलं होतं, आणि त्याला त्यात काही वावगं दिसलंही नसावं. विशीतला पोरगा. पण कुठल्या घरात वाढला?

दयानंदनं फोन स्पीकरवर लावला. गंधार तुसडेपणानं बोलला नाही, हे मी ऐकलंय. ‘दयादादा, आवाज जुन्या टेपवरचा, खडखडाट मिलचा. यातलं तू तरी काय बनवलंस? तू उचललंस, मी उचललं. मी त्याचं गाणं केलं.’ दयानंदनं फोन ठेवून दिला. मला उत्तरं सुचली होती, पण फोन माझ्या हातात नव्हता.

मग मी गाणं काढणाऱ्या कंपनीला ईमेल लिहिली. चांगली तीन पानी, आकृत्या तेवढ्या काढल्या नाहीत. दयानंदचं मागणं एवढंच होतं, की बीट त्याचं आहे असं लिहावं आणि वडिलांचं नाव जागेवर घालावं. कंपनीनं महिन्यानं कळवलं, की टेपवरची बाई हयात असेल तर तीच ओळ तिच्या आजच्या आवाजात पाठवा, आम्ही ताडून बघू.

मला वाटलं, झालं काम. आणि तेव्हा दयानंद खाली बघून म्हणाला, की घरी मायला यातलं काहीच ठाऊक नाही.

रविवारी दुपारी आम्ही दोघं त्याच्या घरी गेलो. साखराबाई परातीत तूर निवडत होत्या. मिल सुटून वर्षं झाली, हातांची सवय सुटली नव्हती. दयानंदनं अडखळत सगळं सांगितलं आणि आधी जुनी टेप लावली. त्यांनी निवडणं थांबवलं. स्वतःचा आवाज ओळखायला त्यांना जरा वेळ लागला, पण हसणं लगेच ओळखलं. ‘ही आमची चतुरा,’ म्हणाल्या. ‘नाकातून हसायची.’ पुन्हा लाव म्हणाल्या. चार वेळा ऐकलं. मग दयानंदनं गंधारचं गाणं लावलं. ती आरोळी आली तसा त्यांनी पदर डोक्यावरून पुढं ओढला.

तिथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मला घाई, फोन काढलेला, आणि हळदीकुंकवाला आपण म्हणतो तसं सवयीनं तोंडातून गेलं: ‘घ्या की नाव साखराबाई. लाजता काय?’

बोलून गेले आणि जीभ चावली. विधवेला कुणी नाव घे म्हणत नाही. मीही आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं.

त्या रागावल्या नाहीत. परातीतला एक खडा वेचून त्यांनी बाजूला टाकला.

‘सव्वीस वर्सं झाली बाई, मला कुणी नाव घे म्हनलं न्हाई.’ मग सावकाश म्हणाल्या, ‘पर आता कसं घेऊ? कुणी न इचारता, असं हाय त्यात. तुमी तर इचारलंत.’

दयानंद म्हणाला, ‘माय, एकदाच. माझ्यासाठी.’

‘दया, टेपवरनं माझा आवाज काढलास तवा मला इचारलं व्हतंस का?’

‘न्हाई.’

‘मग त्यानं तुला का इचारावं?’

त्यांनी हे शांतपणे म्हटलं, आणि त्यामुळंच ते जास्त लागलं. दयानंद रडला. एकतीस वर्षांचा माणूस आईच्या परातीशेजारी बसून रडला आणि ती त्याच्या पाठीवरून तुरीचा हात फिरवत राहिली. मी फोन पर्समध्ये टाकला. कंपनीला आम्ही काही पाठवलं नाही. त्यांनी प्रकरण बंद केल्याचं कळवलं.

दयानंदनं नंतर बीट केलं नाही. माझे व्हिडिओ कापतो, मुलांना वेळेवर मिळतात. गंधारचं गाणं लातुरात दोन लग्नसराया वाजलं.

गेल्या वैशाखात मी साखराबाईंबरोबर मोंढ्यातून येत होते. समोरून वरात आली, गाडीवर मोठमोठे भोंगे, आणि तेच गाणं. मला पळून जावंसं वाटलं. त्या मात्र दुकानाच्या पायरीशी थांबल्या, पिशवी खाली ठेवली. चाळणीचा खडखडाट आला, त्यांचा आवाज आला, ‘कुणी न विचारता घेते...’ आणि पोरं बेंबीच्या देठापासून गंधारचं नाव ओरडली.

त्याच वेळी साखराबाई, माझ्याकडं न बघता, हलकेच म्हणाल्या, ‘अण्णाराव.’

मग पिशवी उचलली आणि मला म्हणाल्या, चला, ऊन लई हाय.