घाटात पुढे चाललेली मोटार

दुसऱ्या लढाईच्या आधी मी लोणावळ्यात एका मुंबईकर कुटुंबाच्या बंगल्यावर मोटार चालवत होतो. गाव माझं मळवलीजवळ, घरी भातशेती. पण पहिल्या लढाईत लष्कराच्या लॉऱ्या हाकल्या आणि परत आल्यावर नांगराला हात लावावासा वाटेना.

बंगल्यात दोघे भाऊ. थोरल्या साहेबांची आठ सिलिंडरची बंद मोटार होती, काळी, लांबलचक. ती चालू आहे की बंद, हे बॉनेटवर हात ठेवल्याशिवाय कधी कधी मलाही कळत नसे. धाकट्यांनी दोन सीटांची, टप नसलेली हिरवी गाडी आणली. वजनाला हलकी, वळणावर चपळ, पण आवाज असा की ती खंडाळ्यात शिरली की इकडे चहाचं आधण ठेवावं. दुसऱ्या गिअरात ती शीळ घातल्यासारखी बारीक वाजायची.

कुठली मोटार सरस, यावरून जेवताना रोज वाद. वडगाव ते लोणावळा अशी एकदा शर्यत लावून पाहिली, तेव्हा कामशेतच्या पुढेच काळीने हिरवीला मागे टाकलं. धाकटे म्हणाले, "सरळ रस्त्यावर ताकद कोणीही दाखवेल. घाटात बघू."

म्हणून श्रावणातल्या एका सकाळी आम्ही खोपोलीला उतरलो. हिरवीने आधी सुटायचं, पाच मिनिटांनी आम्ही, आणि वर खंडाळ्याला थांबून ज्याने त्याने आपली वेळ सांगायची. धाकटे एकटेच निघून गेले. थोरले मागच्या सीटवर हातात घड्याळ घेऊन बसले.

काळीने चढ असा घेतला की गिअर बदलायची गरजच पडेना. पण तिसऱ्या वळणावर धुकं उतरलं. इतकं दाट, की मला बॉनेटचं टोक दिसेना. मी थांबणार, एवढ्यात पुढून शीळ ऐकू आली.

"गाठलं वाटतं त्याला," साहेब म्हणाले.

"पुढल्याच वळणावर आहेत," मी म्हणालो.

आवाज डावीकडे वळला की मी चाक डावीकडे घ्यायचो, उजवीकडे गेला की उजवीकडे. आमच्या मोटारीला आवाज नव्हता, म्हणून त्यांचा आवाज लख्ख कळत होता. मी वेग वाढवला तरी तो जवळ आला नाही आणि कमी केला तरी लांब गेला नाही. एका ठिकाणी तो एकदम मंदावला, अगदी डोंगराच्या कुशीला सरकला आणि पुढे गेला. मीही तसाच गेलो. डाव्या बाजूला मातीचा ओला वास आला. चाकाखाली काहीतरी मऊ लागलं.

खंडाळ्याला धुकं नव्हतं. रस्ता रिकामा होता. अर्धा तास वाट पाहिली. शेवटी साहेब म्हणाले, "खाली घे."

उतरताना ऊन पडलं होतं. अर्ध्या घाटात मी करकचून ब्रेक लावला. दरडीतून आलेला एक मोठा दगड रस्त्यात पडला होता आणि त्याच्या धक्क्याने पलीकडचा कठडा गेला होता. दगड आणि डोंगर यांच्यामध्ये एक मोटार जेमतेम जाईल एवढी वाट, त्यावर लाल चिखल. चिखलात आमच्या रुंद टायरांच्या खुणा होत्या. दुसऱ्या कुठल्याच नव्हत्या. साहेब उतरून त्या बघत बराच वेळ उभे राहिले. मग आत येऊन बसले.

धाकटे दुसऱ्याच वळणावर, रस्त्याकडेच्या देवळापाशी गाडी ढकलून बसले होते. इंजिनाला ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोत पाणी गेलं होतं.

"केव्हापासून इथे आहेस?" साहेबांनी विचारलं.

"सुटलो तसा लगेच बंद पडलो. तुम्ही समोरून गेलात की. मी हातही केला, पण तुमचं लक्ष नव्हतं."

"त्यानंतर गाडी चालू झाली होती?"

"चालू झाली असती तर इथे बसलो असतो का?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी दोरी काढली आणि हिरवी काळीच्या मागे बांधली.

घरी मी बायकोला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिने विचारलं, "तुमी घाबरला व्हता का?"

"वर जाताना न्हाई. खाली येताना."

"कोन आसंल मग?"

"म्हाईत न्हाई."

त्या आठवड्यात ती मळवलीहून चालत जाऊन त्या देवळात नारळ ठेवून आली, तेही मला फार उशिरा कळलं.

बंगल्यावर जेवताना आता दुसरे विषय निघू लागले. साहेबांकडे मी आणखी नऊ वर्षं होतो. घाटात धुकं लागलं की मी मोटार कडेला घेऊन इंजिन बंद करायचो. ते मागे बसून राहायचे. घाई कर, असं ते एकदाही म्हणाले नाहीत.