चाळलेली माती

माझ्या वडलांना मी एकदा कारखान्याच्या गेटवरून माघारी पाठवलं होतं. आता कुणी ही गोष्ट काढली की सगळे हसतात, मीही हसते. त्या सकाळी मात्र मला हसू आलं नव्हतं.

तुळजापूर सोडून अणदूरच्या बाजूला निघालं की आतल्या फाट्यावर आमचा गूळ पावडरीचा कारखाना आहे. दादा, म्हणजे माझे वडील, तिथं पहिल्यापासून बॉयलर सांभाळायचे. परीक्षा पास झालेले. सरकारी सर्टिफिकेट घरात देवांच्या शेजारी काचेच्या चौकटीत. मी तिथंच सेफ्टी ऑफिसर म्हणून लागले, त्याला आता पाच वर्षं झाली.

"सेफ्टी म्हंजी काय करतीस गं?" असं गावातल्या बायका विचारतात. मी म्हणते, दुसऱ्यांच्या नवऱ्यांना हेल्मेट घाला म्हणून कोकलत फिरते. कोण टाकीत उतरलं, कोण वर आलं, हे लिहायचं. बूट, हातमोजे बघायचे. कुणाला लागलं तर अपघाताच्या वहीत नोंद करायची, आणि माणूस दोन दिवस कामावर येऊ शकला नाही तर सरकारी ऑफिसला कळवायचं. कायदाच आहे तसा. माझं तोंड जरा फटकळ, त्यामुळं माघारी मला 'भोंगा' म्हणतात. मला माहीत आहे.

आमच्याकडं नवरात्रात घट बसले की निम्म्या लोकांच्या पायातली पायताणं उतरतात, ती दसऱ्याला परत पायात येतात. हायवेवरनं ज्योत घेऊन पळणारी पोरं अनवाणी, भाजीवाली अनवाणी, बँकेतला शिपाईसुद्धा अनवाणी. अडचण एवढीच की हंगामाच्या आधीची दुरुस्ती याच दिवसांत येते. वेल्डिंग, कटिंग, पत्र्याचे तुकडे, तापलेलं लोखंड, आणि त्यातून फिरणारी उघडी पावलं. सुरुवातीला मीही काही बोलले नाही. देवीचं काम, आपण कोण अडवणार?

मग एका नवरात्रात, चौथ्या माळेला, राख काढणाऱ्या एका गड्याचा पाय नुकत्याच गॅसनं कापलेल्या, तापलेल्या पत्र्यावर पडला. तळवा भाजला. त्याला दवाखान्यात नेताना तो वेदनेनं विव्हळत होता, आणि विव्हळता विव्हळता मलाच हात जोडत होता. "ताई, कारखान्यात भाजलं म्हणू नगा. आईच्या उपवासात पाय भाजला म्हणल्यावर लोक म्हणतील, ह्याच्या मनातच पाप आसंल. घरी चुलीपाशी भाजलं असं लिवा." साहेबांनाही तेच हवं होतं. मी तसं लिहिलं आणि सही केली. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं.

तो दिवाळीपर्यंत घरी होता. बघायला गेले तर त्याची बायको चुलीपुढं बसलेली. मला म्हणाली, "आमच्या चुलीनं कधी कुणाला भाजलं न्हाय वो ताई." भांडली नाही, चहा केला, कप हातात दिला. तो कप तसाच खाली ठेवून मी उठले. पुढं मी ती नोंद दुरुस्त केली, ऑफिसला उशिराचं खरं कारण कळवलं, तिथली आणि साहेबांची अशी दोन्हीकडची बोलणी खाल्ली. आणि मनाशी ठरवलं, आता या कारखान्यात नवरात्र असो नाहीतर रमजान, उघड्या पायाचा माणूस आत येणार नाही.

पुढच्या वर्षी घट बसायच्या आठ दिवस आधी बोर्डावर नोटीस लावली. खूप कुरकुर झाली. मग त्यातल्याच एकानं तुळजापुरात आपल्या पुजाऱ्याला विचारलं. पुजारी म्हणाले, चामड्याचं नसलं तर काम करताना चालतंय. मी ताबडतोब सगळ्यांसाठी रबरी बूट मागवले. माणसांनी ऐकलं. एक सोडून.

पहिल्या माळेला सकाळी मी गेटवर उभी होते. दादा आले. कपाळाला कुंकू, हातात साबुदाण्याचा डबा, पायात काही नाही.

"दादा, बूट."

"नऊ दिस न्हाय जमायचं, माय."

"रबराचे आहेत. पुजाऱ्यांनी हो म्हटलंय."

"त्यांच्या नवसाचं त्यांनी बघावं. माझं बोलणं आईसंगं येगळं झालंय."

मागं पंधरा-वीस माणसं थांबलेली. राख काढणारा तो गडीही त्यात, रबरी बूट घालून. त्याच्या पायाकडं माझी नजर गेली. आता दादांना आत सोडलं असतं तर आपला तो बाब्या अन् दुसऱ्याचं ते कारटं, असं तोंडावर म्हणायला सगळे मोकळे झाले असते, आणि ते खरंच असतं. मी म्हणाले, "मग तुम्ही घरी जा, दादा."

त्यांनी डबा या हातातून त्या हातात घेतला आणि वळून चालायला लागले. मी केबिनमध्ये जाऊन कडी लावून रडले. सांगायला लाज कसली?

दुपारी साहेबांनी बोलावलं. "मॅडम, सातव्या माळेला बॉयलर पेटवायचा मुहूर्त आहे. सर्टिफिकेटवाला माणूस हजर नसला तर बॉयलर पेटवता येत नाही, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंय. दुसरा अटेंडंट दसऱ्यानंतर येणार. आता काय करायचं?"

मी म्हणाले, "सर्टिफिकेटही पाहिजे आणि बूटही पाहिजे. दोन्ही कायद्यातच आहे."

"तुमच्या वडलांचा हा शेवटचा हंगाम आहे."

ते मला सांगायची गरज होती का? हंगाम संपला की दादा रिटायर होणार होते. इतकी वर्षं दर हंगामाची पहिली आग त्यांच्या हातानं लागली, आणि शेवटची लागणार नव्हती, ती माझ्यामुळं.

घरी तर वेगळाच तमाशा. दादा आईला म्हणायचे, "मॅडमला वाढा. मॅडम दमून आल्यात." सकाळी, "मॅडमच्या गाडीला किक मारून द्या कुणीतरी." रागावले असते तर मी दोन शब्द बोलले असते. या मॅडमला काय उत्तर देणार? आई दोघांच्या मधे. मला म्हणायची, "एवढं कायद्याचं बोलतीस, बापाचं काळीज कुठल्या कलमात बसतंय ते बघ की." आणि दादांना म्हणायची, "तुमी तर देवीच्या नवऱ्यासारखं रुसून बसलाव." कुणीच हसायचं नाही.

मला खरा राग वेगळ्याच गोष्टीचा होता. दादा आयुष्यभर कधी अनवाणी चालले नव्हते. कोजागरीला चालत तुळजापूरला जायचे, पण पायात चपला असायच्या. ही भक्ती मागच्या दोन वर्षांतली. मी समजून चालले होते, वय झालं की माणसाचं असं होतं.

पाचव्या माळेला वेल्डर चाचा माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. चाचा म्हणजे दादांचे जुने दोस्त. दोघं एकाच डब्यातलं खातात, नवरात्रात चाचाही त्यांच्यासमोर बसून शेंगदाणेच चघळतात.

"बेटा, तुझ्या बापानं कसम घातली व्हती बोलू नको म्हणून. पर आता लई झालं. तुला ती रसाची टाकी याद हाय का?"

मला आठवली. दोन वर्षांपूर्वीचा श्रावण. टाकी साफ करायची होती. बंद टाकीत वायू साचून माणूस बेशुद्ध पडतो, म्हणून हवा तपासून झाली होती, पण माणसं उतरवायच्या आधी मी स्वतः खाली गेले. कमरेला दोर, आणि नियमाप्रमाणं वर दोर धरणारा एक माणूस. त्या दिवशी ते दादा होते. खाली एक शिडी गंजलेली दिसली म्हणून मी वाकून बघत बसले होते, एवढंच.

"त्यानं तुला तीन आवाज दिले," चाचा म्हणाले. "तू जवाब दिला न्हाय. दोर बी हालंना. म्या बाजूलाच व्हतो, बेटा. तेचं तोंड म्या बघितलं. तिथंच बोलला, आई, माझ्या लेकीला वर आण, ही हितं काम करंल तवर तुझे नऊ दिस म्या पायात काय घालायचा न्हाय. तेवढ्यात तू खालून वरडलीस, शिडी बदला म्हणून."

चाचा निघून गेले. मी टाकीत उतरायच्या परवान्यांची जुनी फाइल काढली. त्यात त्या दिवसाचा कागद निघाला: उतरण्याची वेळ, वर आल्याची वेळ, दोर धरणाऱ्याची सही. दादांची सही नेहमी ठळक असते. इथं ती थरथरलेली होती, आणि मी तेव्हा तिच्यावर माझा शिक्का मारून कागद लावून टाकला होता.

दिवेलागणीला घरी गेले. दादा ओसरीवर बसले होते, पायाला खोबरेल लावत. टाचा फुटल्या होत्या. मी त्यांच्यासमोर बसले. म्हणाले, "दादा, तुमचा पाय भाजला तर मी कुठल्या वहीत लिहू? एकदा खोटं लिहिलंय. तुमचं मला खरंही लिहवणार नाही."

त्यांना कळलं, चाचा बोलले ते. दुसऱ्या टाचेला तेल लावलं. मग म्हणाले, "तू समद्यांचं बघतीस. तुझं कुणी बघायचं का न्हाय?" आणि उठून आत गेले. मॅडम म्हणाले नाहीत, तेवढ्यावरच मी जेवले.

सातव्या माळेला गेटवर नेहमीपेक्षा गर्दी. मंडप, हलगी, नारळाची पोती. साहेबांच्या कपाळाला घाम. आणि रस्त्यानं दादा येताना दिसले. अनवाणी, खांद्याला पिशवी. गेटजवळच्या बाकड्यावर बसले, पिशवीतनं रबरी बूट काढले.

माझा जीव भांड्यात पडला. पण भोंगा तो भोंगाच. बुटाचा तळ फाटका आहे का हे मी प्रत्येकाचं बघते, म्हणून म्हणाले, "द्या इकडं." हातात घेतला तर जड. वाकडा केला तर आतून माती सांडली. काळी, मऊ, पिठासारखी.

"हे काय?"

"हळू, सांडतीस की!" दादांनी बूट ओढून घेतला. "आपल्या रानातली हाय. तुझ्या आईनं पिठाच्या चाळणीनं चाळलीया, खडा टोचाय नगं म्हणून. देवीला सांगितलंय, पाय मातीवरच हाय, वरनं फकस्त झाकलाय." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तुझ्या कायद्यात मातीला बंदी हाय का?"

सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. मी मनातल्या मनात सगळी कलमं धुंडाळली. "नाही," म्हणाले, आणि मला हसू आलं, आणि दादांनाही. चाचा मागून ओरडले, "अरे, आता तरी मुहूर्त धरा!"

दादांनी नारळ फोडला, चिपाडात मशाल घातली. आग धरली तसे ते दोन पावलं मागं सरले आणि सवयीनं भट्टीच्या दाराच्या वर लावलेला दाबाचा काटा बघायला लागले. मी नियमातल्या अंतरावर आग विझवायचं नळकांडं घेऊन उभी होते. दिसत काही नव्हतं, डोळे भरले होते.

हंगाम संपला, दादा रिटायर झाले. आईनं पिठासाठी नवी चाळणी आणली, जुनी गोठ्यात टांगली.

यंदाचं नवरात्र. तिसऱ्या माळेला तीच रसाची टाकी तपासायची होती. सकाळी निघताना दादा ओसरीवर अनवाणी बसलेले. मी इथं काम करते आहे तोवर नवस चालूच. अंगणात आई जुनी चाळणी झटकत होती. मी म्हणाले, "आज गं काय चाळलंस?" ती म्हणाली, "तुला काय करायचंय, जा, उशीर हुतोय." उंबऱ्यापाशी ठेवलेले माझे टाकीत उतरायचे रबरी बूट उचलून मी डिकीत टाकले.

टाकीपाशी कमरेला दोर बांधून घेतला. वर धरायला राख काढणारा तोच गडी, आता या कामाचं रीतसर प्रशिक्षण घेतलेला. रोजचे बूट काढून रबरी बुटात पाय घातला, तर बोटांना मऊ, गार माती लागली. एकही खडा नाही.

बूट घालायच्या आधी उलटा करून झटकायचा, हे मी दर महिन्याला सगळ्यांना शिकवते. मी झटकला नाही. दुसराही तसाच घातला आणि वर बघून म्हणाले, "धरा दोर. आणि आवाज दिला की मी लगेच ओ देईन, बरं का."