माळावरचं छप्पर आणि खोटी आग

मित्रमैत्रिणींनो, आज जतजवळच्या माळावर एका मेटल बँडच्या व्हिडिओचं शूटिंग होतं. आमच्या सरांनी असे शंभरावर व्हिडिओ केलेत आणि जवळपास प्रत्येकात काहीतरी पेटतं. मी त्यांची नवी सहायक. घरातली पहिली पदवीधर, माझं हे पहिलंच काम.

आज एका आजींचं जुनं, रिकामं छपराचं घर जाळायचं होतं. संमतीचा कागद मीच त्यांना वाचून दाखवला होता.

दुपारी पोचले तर आजी आत सारवत होत्या.

"आजी, हे कशाला?"

"माणसं येणार. घर नीट दिसाय नगं? माझी पोरं हितंच जन्मली."

"पण हे पेटवणार आहेत."

"ठावं हाय की. पिक्चरमधली आग खोटी असती न्हवं!"

मी सरांकडे धावले, आजींना आग खोटी वाटतेय म्हणून सांगितलं.

"अंगठा घेतलायस ना? मग चल, ऊन उतरतंय."

मी क्लॅप उचलून त्यांच्यामागे गेले.

छप्पर पेटलं. शॉट ओके झाला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आजींनीही. मग माझी बाही ओढत म्हणाल्या, "झालं न्हवं तुमचं? आता इझवा की गं पोरी."

कागद वाचला तेव्हा त्यांचा गैरसमज मला कळला नव्हता. दुपारी कळला होता. माझ्या जागी तुम्ही आजींशी बोलला असता का? खरं सांगा.