माझं नाक आणि गल्लीची चटणी

काल एका डोहाळजेवणात पुन्हा तेच कानावर आलं, की मला गर्व चढला म्हणून मी गल्लीची चटणी भाजायचं सोडलं. आता बास. काय झालं ते लिहूनच टाकते.

वीसेक वर्षं झाली असतील. कोल्हापुरात आमच्या गल्लीतली पाच घरं वर्षाच्या कांदा-लसूण चटणीचा मसाला उन्हाळ्यात एकत्र भाजायची, मग तो गिरणीतल्या डंकावर कांडायला जायचा. मसाला कधी उतरवायचा हे मी वासावरून सांगायचे आणि माझा शब्द शेवटचा असायचा.

त्या वर्षी मला जबर सर्दी झाली आणि वास गेला तो गेलाच. महिन्याभराने परत आला... असं मला वाटलं. भाजणीच्या दिवशी खोबरं तांबूस झालं आणि नाकात शिरला तो रॉकेलसारखा जळका वास!

"करपलं. फेकून द्या," मी म्हणाले.

"व्हय वैनी, करपलंयच की," गल्लीतल्या धाकट्या सुना एका सुरात म्हणाल्या.

शेजारच्या किराणा दुकानवाल्या गिरिजाक्का मात्र जागच्या हलल्या नाहीत. "काय करपलंय? मला तर वासानं भूक लागली! ह्या पोरी तुमाला भ्यात्यात, वैनी. मी न्हाय भीत."

मी पुन्हा वास घेतला... रॉकेलच. रंग बघावा तर अगदी हवा तसा. पाच घरांची वर्षाची चटणी उकिरड्यावर जायची वेळ आली होती आणि मला काही कळेना, विश्वास ठेवायचा कशावर?

तरातरा घरात गेले. कॉफीचा डबा उघडला... रॉकेल. अंगाचा साबण हुंगला... रॉकेल. देवापुढचा मोगरा उचलला... तोही तसाच!

बाहेर येऊन सांगितलं, "डंकावर न्या. माझं नाक बिघडलंय."

"आमालाबी चांगलाच वास येत हुता, वैनी," एक सून हळूच म्हणाली.

"मग करपलं का म्हणालीस?"

"तुमी म्हणला म्हणून!"

डॉक्टरांनी समजावलं. सर्दीत नाकातल्या वास ओळखणाऱ्या पेशी मरतात, नव्या येतात, पण मेंदूशी त्यांची जोडणी कधीकधी चुकते. सुधारेल का, विचारलं. "कदाचित," म्हणाले. मी ग्रॅज्युएट बाई, पण फुलात रॉकेल कुठून येतं हे मला आजही नीट उमजलेलं नाही.

मोगऱ्याचा वास सावकाश परतला. भाजलेल्या खोबऱ्याचा अजून नाही... त्या दिवशी अक्का गप्प बसल्या असत्या तर काय झालं असतं, हा विचार मात्र अधूनमधून येतो.

पुढच्या उन्हाळ्यात सगळ्यांसमोर मी मोठी लोखंडी कढई, लांब दांड्याचं उलथनं आणि 'उतरवा' म्हणायचा हक्क गिरिजाक्कांच्या हवाली केला. त्यांनी माझ्या हातात खोबऱ्याची किसणी दिली.