आरशातला किमोनो

मामा दुकानांच्या काचांवर नावं रंगवायचा. काचेच्या आतून, उलटी अक्षरं; रस्त्यावरून ती सुलटी दिसतात. हात इतका बसलेला, की साधी चिठ्ठी लिहिताना अडखळायचा.

फुप्फुसांच्या दुखण्यानं मामीनं अंथरूण धरलं, तेव्हा तिच्या पलंगासमोर लावायला त्यानं एक चित्र काढायला घेतलं. ढगांवर चाललेला जपानी चहाचा सोहळा. चहा ओतणारा कोल्हा, शेजारी क्रौंच पक्षी, मागे पाइनचं झाड. आणि पाहुणी म्हणून मामी, मी पडद्याच्या निळ्या कापडातून शिवलेल्या किमोनोत.

"कोल्हा कशाला?" मामीनं विचारलं.

"त्यांच्याकडं त्याला मान असतो. देवाचा निरोप्या."

"आणि हा बगळा?"

"बगळा नव्हे गं, क्रौंच. हजार वर्षं जगतो म्हणतात. पाइन हिवाळ्यातही हिरवं. सगळी दीर्घायुष्याची चिन्हं."

"दुकानात माल भरपूर मांडलाय," मामी मला म्हणाली. "गिऱ्हाईकच तेवढं आजारी."

किमोनो त्यानंच तिला घातला. "डावा पदर वर. जिवंत माणसाचा डावा वर, मेलेल्याचा उजवा. त्यांच्यात हे फार पाळतात."

खोली एवढी अरुंद, की उशाशी उभा राहून कपाटाच्या आरशात बघतच तो तिला रंगवायचा. तिनं रिपोर्टचं विचारलं की ब्रश धुवायला उठायचा. "सुधारणा आहे," असं मोरीतून सांगायचा.

चित्र टांगलं त्या दुपारी मामी बराच वेळ बघत राहिली.

"अहो, माझा उजवा पदर वर आलाय."

मामानं जवळ जाऊन पाहिलं. "आरसा," तो म्हणाला. "आरशात बघून काढलं ना. बदलतो लगेच."

"जन्मभर उलटं रंगवलंत. तुम्हाला आरसा फसवणार?"

तो रंगाचा डबा उघडायला लागला. झाकण निघेना.

"ठेवा तो. रंग वाळायच्या आधी मीच वाळेन. डॉक्टर काय म्हणाले ते सांगा. मोरीतून नको, इथं बसून."

मी बाहेर येऊन दार ओढून घेतलं. आतून मामाचा आवाज आला, तुटक. मग नुसता मामीचा, समजूत काढणारा.

चित्र तसंच राहिलं. थंडी सरायच्या आत मामी गेली. तिला शेवटचं तयार करताना मामा तो निळा किमोनो घेऊन आला, तशा बायका बाजूला झाल्या. त्यानं सावकाश तिचे हात बाह्यांत घातले, पदर सारखे केले.

"मामा," मी हळूच म्हणाले, "डावा वर आलाय."

"माहितीये," तो म्हणाला, आणि गाठ मारली.